पेठच्या भाड्याच्या खोलीचे देणे

गेल्या महिन्यात एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाच्या मंगल परिणयाला आम्ही पेठला गेलो होतो. गाडी आमचा धाकटा मुलगा चालवत होता, आम्ही उभयता मागे बसलो होतो. पंचवटी सुटली, रामशेजचा किल्ला मागे पडला, उमराळे गेले, आणि कोटंबीच्या घाटात शिरताच आमच्या सहचारिणीने मुलाला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. "या घाटानंच तुला पेठकर केलं," त्या म्हणाल्या. मुलगा नुसता हसला. त्याला घाटात रुंद रस्ता आणि चहाची टपरी दिसत होती, आम्हाला १९८९ चा जुलै दिसत होता.

वाचकहो, चळवळीच्या दैनिकात घरगुती आठवणी कशाला, असे कोणी म्हणेल. आम्हीही तसेच म्हणत आलो. चाळीस वर्षे आम्ही मोर्चे, अधिवेशने, जयंत्या आणि गटबाजी यांवर लिहिले, बोललो. परंतु आपण संसार कुठे मांडला, कोणाच्या ओसरीवर मांडला, आणि तिथून निघताना मागे काय ठेवले, याचा हिशेब कधी मांडला नाही. पेठच्या लग्नाहून परतल्यापासून तो हिशेब आम्हाला झोपू देत नाही. म्हणून हे लिहितो आहोत.

१९८६ च्या जूनमध्ये आमची पहिली नेमणूक पेठला झाली. कारकुनाची नोकरी, लग्नाला सहा महिने झालेले. एक लोखंडी ट्रंक, वातीचा स्टोव्ह, दोन वळकट्या आणि बाबासाहेबांची काचेची तसबीर एवढा संसार घेऊन आम्ही एसटीतून उतरलो. पाऊस असा की उतरल्या जागी ट्रंकेत पाणी शिरले. तसबीर सहचारिणीने पदराखाली धरली होती, म्हणून तेवढी कोरडी राहिली.

पेठ म्हणजे जुने संस्थान. १८५७ च्या उठावात इथल्या राजा भगवंतरावांना इंग्रजांनी फासावर चढवले, हे आपल्या किती पाठ्यपुस्तकांत आहे? असो. आम्ही गेलो तेव्हा गावात राजाची खूण कमी आणि सरकारची खूण जास्त होती. तहसील, पंचायत समिती, दवाखाना, शाळा, एसटी, बँक. तालुक्यात शंभरातले नव्वदाहून अधिक लोक आदिवासी. कोकणा, महादेव कोळी, वारली. आणि गावठाणाच्या कडेकडेने, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी एक नवेच गाव वाढत होते. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, नर्सबाई, कंडक्टर, किराणा दुकानदार, हॉटेलवाला, कंत्राटदार. कोणी येवल्याचा, कोणी निफाडचा, कोणी धुळे-जळगावकडचा. गुजरात इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे धरमपूरकडची ये-जाही मोठी. जो तो दोन खोल्या शोधत होता, जो तो बदलीची वाट पाहत होता.

बाबासाहेबांनी खेडे कधी डोक्यावर घेतले नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावले ते आपल्याला ठाऊक आहे. परंतु त्याआधी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला, आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तीच मागणी वसाहत आयोगाच्या रूपाने पुन्हा मांडली गेली, याची चर्चा आपल्यात फार होत नाही. त्या मागणीच्या मुळाशी साधी गोष्ट होती. ज्या गावात तुमची जागा तुमच्या जन्माआधीच ठरलेली आहे, त्या गावात तुम्ही कितीही शिकलात तरी जागा बदलत नाही. वसतीच नवी पाहिजे.

आम्ही तरुण होतो, हे सारे वाचलेले होते, आणि पेठ आम्हाला तशीच नवी वसती वाटली. महारवाडा नाही, गावकुसाबाहेरची वाट नाही, येसकरपाळी कोणाला ठाऊक नाही. सगळेच उपरे! मग कोण कोणाला बाहेर ठेवणार?

दोन दिवसांत उत्तर मिळाले. मूळ गावात जात विचारावी लागत नाही, घर कुठल्या आळीत एवढ्यावर कळते. नव्या गावात ते कळत नाही, म्हणून विचारतात. आडनाव विचारतात. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतात. तरीही जमले नाही तर "तुमच्यात पाहुणे कोण कोण?" असे विचारतात. एका घरमालकाने खोली दाखवली, भाडे ठरवले, आणि सहचारिणीच्या पदराखालची तसबीर दिसताच त्याला आठवले की पुतण्या पुढच्या आठवड्यात राहायला येणार आहे. तिसऱ्या घरी पुतण्या नव्हता, मेहुणा होता. ट्रकमधून भांडीकुंडी येतात तशी जातही आली होती, फक्त ती सामानाच्या तळाशी होती, उघडून दाखवायला थोडा वेळ लागला.

खोली दिली ती एका कोकणा म्हाताऱ्याने. गावठाणाच्या टोकाला त्याचे घर, कारवीच्या कुडाच्या भिंती, वर कौले. पडवीला आडोसा करून एक खोली काढलेली. त्याने आडनाव विचारले नाही, गावही विचारले नाही. "गळतं जरा, चालेल ना?" एवढेच विचारले. भाडे साठ रुपये. पेठमधले सगळे बिगरआदिवासी आदिवासी माणसाला 'मामा' म्हणत. त्यात नाते नसायचे, नाव लक्षात ठेवायची गरज नाही एवढाच अर्थ असायचा. आम्हीही पहिले दोन महिने त्याला मामाच म्हणालो, हे कबूल केले पाहिजे. सहचारिणीने एक दिवस आम्हाला टोकले. "आपल्या आज्याला गावात सगळे काय म्हणून हाक मारायचे, आठवतं का?" त्या दिवसापासून तो बाबा झाला आणि त्याची बायको आजी झाली.

त्या खोलीतली सात वर्षे म्हणजे आमचा तरुणपणाचा सारा संसार. पेठचा पाऊस नाशिकच्या दुपटीहून जास्त. जूनच्या मध्याला जो लागे तो पोळ्यापर्यंत कपडे वाळू देत नसे. थोरलीची लंगोटी-दुपटी वाळवायला आजीने युक्ती शिकवली. शेगडीत निखारे, त्यावर उलटी टोपली आणि टोपलीवर कपडे. त्यामुळे आमच्या दोन्ही लेकरांना बाळपणी धुराचा वास यायचा. नागलीची भाकरी आम्हाला सुरुवातीला घशाखाली उतरेना. काळी, खरखरीत. आम्ही बाजरी-ज्वारीकडची माणसे. आजी म्हणायची, चार पावसाळे खा, मग बघू. चार कशाला, दुसऱ्याच पावसाळ्यात थोरली नागलीची भाकरी आणि उडदाच्या डाळीवाचून जेवेनाशी झाली. खुरासणीच्या तेलाची चव जिभेवर बसली ती अजून आहे. सिडकोतल्या दुकानात ते तेल मागितले की दुकानदार आमच्याकडे बघत राहतो.

आणि उन्हाळा? पावसाळ्यात जिथे दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तिथे मे महिन्यात आम्ही रात्री दोन वाजता हातपंपावर हंडे लावायचो. सगळे पाणी डोंगर उतरून पश्चिमेकडे निघून जाते. पाड्यांवरच्या बायका तर कोरड्या विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरत. आज, इतक्या वर्षांनीही, दर उन्हाळ्यात त्याच तालुक्यातली तीच छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. विहीर तीच, बाई नवी. हातपंपाच्या रांगेत कॉलनीतल्या बायकांचे हंडे पुढे आणि पाड्यावरच्या बायकांचे मागे, असा अलिखित नियम होता. आमच्या सहचारिणीचा हंडा मधोमध. पुढच्या बायका आपल्या हंड्याला हिचा हंडा लागू देत नसत आणि मागच्या बायका हिला साहेबाची बाई समजून जागा देत. त्या रांगेत हिला समाजशास्त्र समजले, आम्हाला ते पुस्तकातूनही समजले नव्हते.

१९८९ चा जुलै. थोरली माहेरी झाली होती, दुसऱ्या वेळी दिवस भरायच्या आत नाशिकला जायचे ठरले होते. परंतु कळा आल्या त्या रात्री घाटात दरड, एसटी बंद. बाबा कंदील घेऊन भर पावसात आपल्या समाजाच्या नर्सबाईंना बोलवायला गेला. आजी आमच्या खोलीत आली, तिने चूल पेटवली, आम्हाला बाहेर काढले आणि दार लावून घेतले. आम्ही पडवीत, बाबाच्या शेजारी घोंगडी पांघरून बसलो. पहाटे धाकट्याचा आवाज आला. त्यानंतर सव्वा महिना आजीने सहचारिणीला आणि बाळाला न्हाऊ घातले, शेकले, नागलीची पेज पाजली. तिला आम्ही लुगडे घेतले. ते तिने वर्षभर नेसले नाही, लेकीच्या घरी जायला ठेवले.

त्याच महिन्यात कॉलनीत एका अधिकाऱ्याच्या घरी बारसे होते. थेट बाजूच्या ओळीत. सगळ्या कार्यालयाला बोलावणे होते. आम्हालाही होते. पण आमच्या पत्रावळी पंगतीच्या टोकाला, शिपायांच्याही पलीकडे मांडल्या होत्या. आम्ही जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "तुम्ही लोक फार मनाला लावून घेता."

आता कोणी म्हणेल, म्हणजे आदिवासी सगळे साधेभोळे आणि बाकी सगळे दुष्ट, असे का? तसे नाही. एका पाड्यावर कामानिमित्त गेलो असता आम्हालाही ओट्यावरच बसवले आणि पाणी वरून ओतले. विषमतेची ही शिडी कुठल्या कुठे पोचली आहे, हे बाबासाहेबांनी सांगितलेच आहे. आणि आपल्यातलेही काही कमी नव्हते. "या आदिवासींना काय कळतंय" हे वाक्य आम्ही आमच्याच बांधवांच्या तोंडून चहाच्या टपरीवर ऐकले आहे. आम्ही तेव्हा चहा पीत राहिलो.

आपली सात-आठ घरे होती. मास्तर, नर्सबाई, एक तलाठी, बँकेतला शिपाई, एक कंडक्टर. १४ एप्रिल १९८७ ची जयंती आमच्याच खोलीत झाली. तसबिरीला हार, मेणबत्त्या, त्रिसरण-पंचशील, नंतर लाडू. बाबा-आजीला आम्ही पुढे बसवले. बाबाने तसबिरीकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हा तुमचा देव का?" तलाठीबांधव उत्साहाने सांगू लागले, देव नव्हे, यांनी देशाची घटना लिहिली, कायदा लिहिला. बाबाने सगळे ऐकून घेतले. लाडू खाल्ला, निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक कागद घेऊन आला. कापडात बांधलेला, घडीवर फाटलेला. कायदा लिहिणाऱ्याची माणसे आपल्या पडवीत राहतात, मग आपला कागद त्यांना वाचता येईल, असा त्याचा सरळ हिशेब होता.

आम्ही वाचला. रस्त्याकडेची काही गुंठे जमीन एका व्यापाऱ्याला दुकानाच्या शेडसाठी भाड्याने दिल्याचा तो लेख होता. मुदत पाच वर्षांची सांगितली होती, लिहिली होती भलतीच लांब. खाली बाबाचा अंगठा. मिळालेले पैसे एका लग्नात खर्च झालेले. बाबाला वाटत होते की मुदत संपत आली, आता जागा परत मिळेल. आम्ही त्याला सांगितले की कागदावर तसे नाही. "मग काय करायचं?" "तहसीलला अर्ज करावा लागेल." एवढे बोलून आम्ही कागदाची घडी घालून परत दिली आणि कार्यालयाला उशीर होतो म्हणून निघालो.

वाचकहो, आम्हाला कायदा ठाऊक नव्हता असे नाही. जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ १९७४ साली आले. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सरकारी मंजुरीवाचून विकता येत नाही एवढेच नव्हे, गहाण टाकायची किंवा भाडेपट्ट्याने द्यायची तरी जिल्हाधिकाऱ्यांची आधी मंजुरी लागते. ज्या कागदावर अशी मंजुरी नाही, तो कागद कितीही अंगठ्यांचा असला तरी त्याला आव्हान देता येते. आम्ही कारकून होतो. अर्ज लिहिणे हा आमचा रोजचा धंदा. एक कागद, अर्धा तास, आणि बाबाच्या सोबत तहसीलपर्यंत दहा मिनिटांची चाल. तेवढे आम्ही केले नाही.

का केले नाही? कारण त्या व्यापाऱ्याच्या दुकानातून आमचा महिन्याचा किराणा उधारीवर येत होता. कारण आमचा बदलीचा अर्ज वर गेलेला होता आणि वरच्यांचे त्या व्यापाऱ्याकडे उठणे-बसणे होते. कारण बाबाने दुसऱ्यांदा विचारले नाही. आदिवासी माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही, हे आम्हाला ठाऊक होते, आणि ठाऊक होते म्हणूनच आम्ही निर्धास्त होतो. सहचारिणीने मात्र दोनदा विचारले. आम्ही म्हणालो, बघू.

१९९३ ला नाशिकला बदली झाली. नाशिकमध्ये तेव्हा आणखी एक नवे गाव वाढत होते, नवीन नाशिक. लोक त्याला नुसते सिडको म्हणतात. सिडकोने सत्तरच्या दशकाच्या मध्यात हे शहर वसवायला घेतले. पहिली योजना, दुसरी योजना असे करत सहा योजना, वीस हजारांहून अधिक घरे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला कामगार, एसटीतला मेकॅनिक, शाळेतला मास्तर अशांना परवडतील अशी लहान घरे. आम्ही कर्ज काढून, आधीच्या मालकाकडून एक घर घेतले. खोली एवढीशी, पण पुढे-मागे थोडी मोकळी जागा. तीवर पुढे सगळ्यांनी जमेल तसे वाढवून घेतले, म्हणून आज सिडकोत एका घरासारखे दुसरे घर दिसत नाही.

या सिडकोने आपल्या माणसांना जे दिले ते नाकारणार कोण? इथे पत्ता म्हणजे योजना, सेक्टर आणि घराचा नंबर. तुमची आळी त्यातून कळत नाही. डावीकडे कसमादेचा मराठा, उजवीकडे जळगावचा लेवा पाटील, समोर आम्ही. पहिल्या दिवसापासून सगळे गोड होते असे नाही. पण भिंत एक, गटार एक, पाण्याची वेळ एक. भांडायचे तरी बरोबरीने भांडावे लागे. वर्गण्या काढून आपण मोकळ्या जागांवर विहारे बांधली, अभ्यासिका काढल्या. आमची थोरली तिथल्याच अभ्यासिकेत बसून शिकली. आज ती बँकेत अधिकारी आहे. ज्या नाशिकमध्ये २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहात आपल्या आजे-पणजांची डोकी फुटली, त्याच नाशिकमध्ये आपली नातवंडे स्वतःच्या नावावरच्या घरात वाढत आहेत. बाबासाहेबांनी नव्या वसतीची जी गरज सांगितली, तिचा थोडाफार पडताळा आम्ही इथे घेतला.

मात्र त्याच दिवसांत पेठचे काय झाले, हे आम्ही पाहिले नाही. आजी गेल्याचे पत्र आले तेव्हा मुलांच्या परीक्षा होत्या. बाबा गेल्याचे तर दोन वर्षांनी कळले.

लग्न आटोपल्यावर आम्ही जुने घर शोधायला गेलो. सापडेना. जिथे कुडाची पडवी होती तिथे दुमजली इमारत, खाली मोबाईलचे दुकान, वर गाळे. बाबाचा नातू कुठे राहतो म्हणून विचारले तर दुकानदाराने विचारले, "कोण, तो मामा?" आम्हाला चाळीस वर्षांपूर्वीचा आमचाच आवाज ऐकू आल्यासारखे झाले.

नातू पेठमध्ये नव्हताच. त्याचा फोन नंबर मिळाला. तो, त्याची बायको आणि दोन लेकरे दिंडोरीकडे एका द्राक्षबागेवर होते. छाटणीपासून काढणीपर्यंत तिथेच, बागेच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाचे खोपट. बाग नसते तेव्हा नाशिकला, पंचवटीत पेठ फाट्यावर. सकाळी तिथे मजुरांचा बाजार भरतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकची तरुण जोडपी डबा घेऊन उभी असतात, बांधकामाचा मुकादम येतो आणि हात बघून माणसे उचलतो. वाढत्या नव्या गावात तरुण संसार कसा असतो, म्हणून आम्ही आमच्या आठवणी सांगितल्या. त्यांचा तरुण संसारही वाढत्या गावातच चालला आहे. फरक इतकाच की आम्हाला कोणीतरी पडवी दिली होती.

आणि आपण काय म्हणतो? आदिवासींचा प्रश्न वेगळा, त्यांच्या संघटना वेगळ्या. त्यांना 'वनवासी' म्हणून आपल्या दावणीला बांधू पाहणारे पाड्यापाड्यांवर पोचले आहेत, वसतिगृहे चालवीत आहेत. आपण मात्र नाशिकच्या सभागृहात बसून त्या शब्दाचा निषेध करतो! निषेध योग्यच आहे. पण पाड्यावर कोण आहे? कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे पेठच्या शेजारच्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. १९५९ चा आणि १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह त्यांनी उभा केला तेव्हा तो एका जातीच्या भूमिहीनांचा नव्हता. त्यांच्या जयंतीला आपण हार घालतो आणि सत्याग्रहाचे वर्ष सांगून खाली बसतो.

पेठच्या बाबतीत तर आज नवाच प्रश्न उभा आहे आणि त्याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नाही. पेठ तालुका संपूर्णपणे पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार दिले. जमीन हातची जाऊ नये म्हणून पाहण्याचा अधिकार, सावकारीवर, दारूवर नियंत्रणाचा अधिकार. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले, म्हणजे अठरा वर्षांनी! आणि लगोलग २०१५ मध्ये पेठ ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. नगरपंचायत झाली की ग्रामसभा गेली. ग्रामसभा गेली की पेसाचे ते अधिकारही त्या गावापुरते गेले. खरे तर संविधानाच्या २४३-झेडसी या अनुच्छेदाने नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही. संसदेने तसा कायदा करावा लागतो. २००१ साली तसे एक विधेयक राज्यसभेत आले होते, त्याचा कायदा काही झाला नाही. म्हणजे गावाचे शहर करताना आदिवासींचे जे संरक्षण सुटले, त्याच्या जागी दुसरे आणायला संसदेला पाव शतकात वेळ मिळाला नाही. नगरसेवकांच्या जागांना आरक्षण आहे, हे खरे. परंतु रस्त्याकडेच्या गुंठ्यांचे काय होते, ते सगळ्या गावाने एकत्र बसून विचारायची जागा कुठे उरली?

जमिनीचे ३६-अ कलम मात्र शहरातही लागू आहे. ते कोणी उचलले नाही. कारण ते उचलायला अर्ज लिहिणारा माणूस लागतो, आणि अर्ज लिहिणारी माणसे बदली करून सिडकोत आली. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी खंत बोलून दाखवली, तेव्हा आमचा जन्मही झाला नव्हता. तरी ते भाषण आमच्याविषयी आहे, हे आता कळते. आपण ते भाषण नेहमी दुसऱ्याला ऐकवतो.

पेठ, सुरगाणा, हरसूल, जव्हार, मोखाडा, धडगाव, अक्कलकुवा, धारणी, भामरागड. आपल्या किती मास्तरांनी, नर्सबाईंनी, तलाठ्यांनी या गावांत तरुणपणीचे संसार मांडले असतील? 'काळ्या पाण्याची बदली' म्हणून जे गेले त्यांची लेकरे कोणाच्या ओसरीवर रांगली? निवृत्तीनंतर आपल्याला वेळ आहे, पेन्शन आहे, कायद्याची भाषा येते, कार्यालयातल्या कुठल्या टेबलावर कागद अडतो तेही ठाऊक आहे. नाशिकमध्ये आपल्या निवृत्तांच्या संघटना थोड्या नाहीत. त्या सहली काढतात, दीक्षाभूमीला जातात, लेण्यांना जातात. वर्षातून एखादी सहल पेठच्या तहसीलला काढली तर?

आम्ही नातवाला फोन केला. आधी त्याला वाटले, बँकेचा वसुलीवाला आहे. मग ओळख पटली. आपल्या आजीने न्हाऊ घातलेला साहेबाचा मुलगा अशी गोष्ट त्याच्या घरात अजून सांगतात म्हणे. आमचे नाव त्याला ठाऊक नव्हते, मुलाचे होते. कागदाचे विचारले. तो म्हणाला, कापडात बांधलेले काहीतरी आईच्या पेटीत आहे, कोणी वाचून दाखवलेले नाही.

आम्ही पेठहून जुन्या फेरफारांच्या नकला मागवल्या आहेत. काही आल्या, काही यायच्या आहेत. मुदतीचा मुद्दा येईल, ताब्याचा येईल, इमारत उभी आहे हाही येईल. चाळीस वर्षांपूर्वी नुसती पत्र्याची शेड होती. वकील बांधव म्हणाले की काम अवघड आहे, पण अर्ज टाकता येतो. नातवाला बागेवरून एक दिवसाची सुटी मिळत नाही, मजुरी तुटते. म्हणून रविवारी आम्हीच दिंडोरीला त्याच्या खोपटावर जाणार आहोत, सहचारिणीही येणार आहेत. त्याने पेटीतला कागद आईकडून मागवून घेतला आहे. अर्ज तिथेच बसून लिहायचा आहे.